सातबारा मालकाचा, दावण सालदाराची

गोठा आणि गाव : भाग ९

दादर ज्वारीचा कडबा गंजीत कसा रचतात, ते मागच्या भागात पाहिलं. आज त्या गंजीतून रोज पेंढ्या उपसणाऱ्या माणसाकडे वळू. मालक लग्नकार्याला गेला, पुण्याला मुलाकडे चार दिवस राहिला, की मळ्यातलं घर, विहिरीवरची मोटार आणि दावणीची जनावरं ज्याच्या भरवशावर असतात, तो सालदार.

जळगाव-धुळ्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. जुना हिशेब मिटवून नवी बोली होते. रोख रकमेबरोबर वर्षाचं धान्य, कपडे, सणावाराच्या सुट्ट्या असं सगळं बोलीत येतं. कागद क्वचितच होतो. काही रक्कम उचल म्हणून आधीच हाती पडते. मात्र उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडवून ठेवता येत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो गुन्हा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत पावरा, बारेला, भिल्ल कुटुंबं मळ्यातच बिऱ्हाड थाटून राखण करतात. त्यांतली काही सीमेपलीकडून, मध्य प्रदेशातून आलेली असतात.

अडचण अशी की आखाजी ऐन उन्हाळ्यात येते. जळगाव-भुसावळचा पारा या दिवसांत ४५ अंशांना टेकतो, आणि नेमके तेव्हाच जनावरांवरचे हात बदलतात. जुना सालदार जाताना वर्षभराची माहिती सोबत घेऊन जातो. कोणती म्हैस कोणाच्या हाताला पान्हा सोडते, कोणत्या बैलाला डाव्या अंगाने गेलेलं चालत नाही, हे कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून जाणते मालक नव्या-जुन्याला दोन-चार दिवस एकत्र राबवतात.

नव्या माणसाची पहिली परीक्षा पाण्याची. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाकाठी ६० ते ८० लिटर पाणी लागू शकतं, दुभत्या म्हशीला त्याहूनही जास्त. म्हशीची कातडी काळी आणि घाम कमी, त्यामुळे पिण्याच्या पाण्याखेरीज अंगावर पाणी मारावंच लागतं. शेतीची वीज मात्र बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. रात्री उठून मोटार चालू केली नाही, तर दुपारी हौद कोरडा. मळ्यात कोणीतरी मुक्कामाला लागतं, त्याचं हे एक साधं कारण.

दुसरी परीक्षा चाऱ्याची. ज्वारी कापून झाल्यावर बुडख्यांना फुटणारे कोवळे, हिरवे पोंगे जनावराला फार आवडतात. पण त्यांतून पोटात सायनाइडचं विष तयार होतं आणि उपचाराला वेळ मिळायच्या आतच जनावर दगावू शकतं. मालकाने निघताना ‘त्या तुकड्यात गुरं सोडू नको’ एवढं सांगणं म्हणूनच लाखमोलाचं. धान्याच्या राशीत तोंड घातलेल्या बैलाचंही तसंच. पोट फुगायला लागलं की तासातासाला महत्त्व येतं.

खरी कसोटी इथेच लागते. मध्यरात्री सालदार फोन करतो, “आप्पा, ढवळ्या रवंथ करत नाही, डाव्या कुशीला फुगलाय.” आप्पा पुण्यात झोपेत असले आणि फोन उचललाच गेला नाही, तर? डॉक्टरला बोलवायचं का, पैसे कोण देणार, उगाच खर्च केला म्हणून नंतर बोलणी खावी लागतील का, या घोळात रात्र जाते. काम सोपवलेलं असतं. खर्च करायची परवानगी मात्र मालकाच्या खिशातच राहिलेली असते.

लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने हे दुखणं उघडं केलं. २०२२ च्या साथीतली महाराष्ट्रातली पहिली नोंद ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात झाली. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत हा आजार पसरतो. अंगावर उठलेली पहिली गाठ दिसते ती रोज खरारा करणाऱ्याला. दगावलेल्या दुभत्या गायीसाठी ३० हजार आणि बैलासाठी २५ हजार रुपयांची मदत तेव्हा सरकारने जाहीर केली. ती अर्थातच मालकाला. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा केंद्रीय कायदा मात्र आजाराचा संशय आल्यास कळवण्याची जबाबदारी मालकाबरोबरच, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही टाकतो.

म्हणजे जबाबदारी सांगताना कायद्याला सालदार दिसतो. संरक्षणाच्या वेळी तो दिसेनासा होतो. साप चावून किंवा जनावराच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एकाला. कडब्याच्या गंजीत रोज हात घालणारा सालदार, त्याच्या नावावर जमीन नसेल तर, त्यात बसत नाही.

तेव्हा चार दिवसांसाठी का होईना, मळा सोडून निघणाऱ्याने तीन गोष्टी करून जावं. एक, ठरावीक रक्कम सालदाराच्या हाती ठेवावी आणि जनावरासाठी ती न विचारता खर्च करायला सांगावं. दोन, प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक आणि पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहावा. जिथे वाचता येत नाही तिथे १९६२ तरी पाठ करून घ्यावा. तीन, सालदाराचं बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत त्याचं नाव घालावं. १८ ते ७० वर्षांच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. आखाजीच्या बोलीत धान्य आणि कपडे धरले जातात. त्यात हे वीस रुपयेही धरले, तर कोणाही मालकाला जड जाणार नाहीत.

(पुढच्या भागात : पावसाळ्याआधीचं घटसर्प-फऱ्याचं लसीकरण)