पुढची चाके, मागे पळणारे वजन

बैलगाडी हाकणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे बळ वाया जाते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारी ड्रॅग शर्यतीत उतरवणाऱ्या अमेरिकी तरुणांना हाच धडा नव्याने गिरवावा लागला.

ड्रॅग शर्यत म्हणजे उभ्या जागेवरून पाव मैलाची, सुमारे ४०२ मीटरची, सरळ धाव. १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली, तेव्हापासून कित्येक वर्षे हा खेळ मुख्यतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा होता. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातील पोरांनी होंडा सिव्हिकसारख्या छोट्या गाड्या त्यात आणल्या, टर्बो बसवून त्यांची ताकद वाढवली. पण हिरवा दिवा लागताच पुढची चाके जागीच गरगर फिरत.

याचे कारण साधे आहे. वेग घेताना भार मागे सरकतो. हजार किलोची गाडी घ्या. पुढच्या चाकांवर ६०० किलो, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, पुढच्यामागच्या चाकांतील अंतर २.६ मीटर. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने ती सुटली, तर सुमारे ९६ किलो भार पुढून मागे जातो. मागच्या चाकांच्या गाडीला ही देणगी, पुढच्या चाकांच्या गाडीला हा दंड!

‘मागे कडक स्प्रिंगा घाला, वजन मागे जाणार नाही,’ असा एक लाडका समज आहे. तो अर्धसत्य आहे. किती भार सरकणार, हे त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांतील अंतर ठरवते. कडक स्प्रिंगांनी गाडीचे बूड कमी बसते, नाक कमी उचलले जाते आणि पुढच्या चाकांचे कोन बिघडत नाहीत. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर खाली आणला, तर जेमतेम दहा किलो वाचतात. म्हणूनच निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना मागे छोट्या चाकांचे लांब दांडे लावतात. टेकू मागे गेल्याने गाडी जणू लांब होते आणि पुढचा भार टिकतो.

दुसरा शत्रू म्हणजे चाकांचे उड्या मारणे. टायर पकडतो, सस्पेन्शनचे रबरी बुश दबतात, पकड सुटते, पुन्हा बसते. या हादऱ्यांनी चाकांना जोर पोचवणारे दांडे मोडतात. त्यावर उपाय म्हणजे पॉलियुरेथेनचे कडक बुश आणि खालच्या आर्मला जखडून ठेवणारा ट्रॅक्शन बार.

मात्र या उपायांची किंमत वळणावर मोजावी लागते. मागून कडक केलेली गाडी ओल्या रस्त्यावर शेपूट फेकते, आणि सरळ पट्टीवर जिंकून देणारी तीच जुळणी चालकाला फिरवून टाकते. रविवारी शर्यत आणि सोमवारी त्याच गाडीने नोकरीवर जाणाऱ्याने हे आधी ओळखावे. वजनाचा नियम मोडता येत नाही, त्याच्याशी तडजोडच करावी लागते. ती कुठे करायची आणि कुठे नाही, हे कळणे हीच खरी कारागिरी.