कुत्र्याची खाज: निदान कसं होतं

कुत्रा सारखा खाजवतो, पंजे चाटतो म्हटलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘रक्त तपासून अ‍ॅलर्जी कळेल ना?’ नाही कळत. निरोगी कुत्र्यातही ती चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी तर तिच्यावर पैसे घालवूच नयेत. निदान होतं ते एकेक कारण बाद करत.

आधी पिसवा. बारीक दातांच्या फणीने निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायची. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एकही पिसू दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. अ‍ॅलर्जी असलेल्याला मोजके चावेही पुरतात. शेपटीच्या मुळाशी खाज असेल, तर संशय पहिला त्यांचाच. मग खरूज. कानाची कड बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय आपोआप हलू लागला, तर खरजेचे किडे असू शकतात. त्वचा खरवडून पाहतात, पण ते हमखास सापडत नाहीत. म्हणून संशयावरूनही औषध देतात.

चिकटपट्टी त्वचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की जंतू आणि यीस्ट दिसतात. तेही खाज वाढवतात. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू 10 मिनिटं अंगावर राहू द्यावा; बहुतेक जण लगेच धुऊन टाकतात.

खाज तरीही राहिली, तर पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन किमान 8 आठवडे द्यायचं. घोडं अडतं ते इथे. चिकन बंद असतं, पण आजोबांच्या चहाबरोबरचं बिस्किट चालूच! फरक पडला तरी जुनं अन्न पुन्हा द्यायचं. खाज उलटली, तरच निदान पक्कं. मालकांना हे जिवावर येतं, पण ते टाळू नये.

एवढं होऊन उरतो तो अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेची जुनाट अ‍ॅलर्जी. तो बहुधा वयाच्या 3 वर्षांच्या आत सुरू होतो. पंजे, काखा, पोट, कान धरतो. बरा होत नाही, आटोक्यात राहतो. स्टेरॉइडने लवकर आराम पडतो, पण तहान-लघवी वाढते. ऑक्लासिटिनिबही झटपट चालतं, मात्र वर्षाच्या आतल्या पिल्लांना देत नाहीत. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. दीर्घकाळच्या उपचारासाठी कुत्र्यागणिक अ‍ॅलर्जीची लस बनवता येते. तिच्या गुणाचा अंदाज यायला वर्ष लागू शकतं. मधेच खाज उसळली, तर गोळी वाढवण्याआधी पिसवा आणि कान पुन्हा तपासून घ्यावेत.