माती सुधारायची, पण कोणी?

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, 1935 सालचं. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर आला आणि तेव्हापासून मराठी माणसं इकडे येत राहिली. त्यांतल्या काही घराण्यांच्या जमिनी आजही गावाकडे आहेत. मालक शहरात नोकरी-व्यवसायात. शेत कसतो गावातलाच कोणी, अधियाने म्हणजे निम्म्या वाट्यावर किंवा रेगहाने म्हणजे ठरलेल्या खंडावर. अशा घरांत हल्ली ‘रिजनरेटिव्ह फार्मिंग’चे, पुनरुत्पादक शेतीचे व्हिडिओ आवडीने पाहिले जातात आणि कसणाऱ्याला फोन जातो, की अमुक करून बघ. त्या फोनने काही होत नाही. का होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

शेतीशास्त्राच्या अंगाने गोष्ट सोपी आहे. नांगरट कमीत कमी, जमीन कायम झाकलेली, वर्षातला जास्तीत जास्त काळ मातीत जिवंत मुळं, पिकांची फेरपालट आणि जनावरांची साथ. यातलं बरंचसं आपल्याकडे होतंच. कार्तिकाच्या आसपास, उभ्या धानात, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी तिवरा, जवस किंवा मसूर फेकून पेरायचं. उरलेल्या ओलीवर ते वाढतं, नांगर लागत नाही. छत्तीसगडमध्ये याला उतेरा म्हणतात. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानशेतांत, लाखोळी, म्हणजे हाच तिवरा, अशीच पेरतात. तिवऱ्यातल्या विषारी घटकाची भीती खरी होती. ही डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. पण रायपूरच्याच इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने हा घटक अगदी कमी असलेलं ‘महातिवडा’ वाण काढलं आहे. खताचं शास्त्रही घरचंच. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि जगभर जी ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली, तिच्यावरच्या 1931 सालच्या पुस्तकावर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. आपण मराठी माणसं ते नाव फारसं घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग अडतं कुठे? अडतं गुरांपाशी. धान निघालं की गुरं मोकळी सुटतात. खुल्या चराईत एकट्याने हिरवं राखलेलं शेत म्हणजे अख्ख्या गावाच्या कळपाला आवतण. म्हणून उतेरा एकट्याने होत नाही. शेजारच्या सगळ्या बांध्यांनी तो एकदम करावा लागतो. पूर्वी हे गाव ठरवायचं. खरिपापुरती गुरं अडवायची ‘रोका-छेका’ ही रीत अजून आहे, सरकारने 2020च्या जूनमध्ये तिची मोहीमही काढली. पण हिवाळ्यातही गुरं अडवायची तर पहटिया, म्हणजे गावचा गुराखी, हवा. हे काम मुख्यतः राऊत समाजाचं. दिवाळीत हेच राऊत नाचत घरोघरी येतात, गाईंच्या गळ्यात सोहाईची माळ बांधतात आणि घरधनी त्यांना धान देतो. आपण तो नाच कौतुकाने पाहतो, पण त्यामागे वर्षभराच्या मजुरीचा करार असतो हे विसरतो. राऊताचा मुलगा शहरात मजुरीला गेला, की गावाने एक गुराखी गमावलेला असतो आणि त्याबरोबर रब्बीतलं हिरवं शिवारही.

शेणाची कथा याच वळणाची. 20 जुलै 2020ला, हरेलीच्या सणाला, छत्तीसगड सरकारची गोधन न्याय योजना सुरू झाली. दोन रुपये किलोने शेण विकत घेतलं जाऊ लागलं, गौठाणात, म्हणजे गावच्या गुरांच्या तळावर, बचत गटांच्या बायका त्याचं गांडूळखत करू लागल्या. शेण उचलणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, ही माझ्या मते त्या योजनेची सर्वांत मोठी कमाई. डिसेंबर 2023मध्ये सरकार बदललं, योजना थांबली. गावाची रीत सरकारी योजनेच्या खांद्यावर ठेवली, की असं होतं.

शिवाय धानाचा भाव. 2023-24च्या हंगामापासून छत्तीसगडमध्ये एकरी 21 क्विंटलपर्यंत धान 3100 रुपये क्विंटलने घेतलं जातं. शेतकऱ्याला त्यात स्थैर्य मिळालं, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण इतका पक्का भाव समोर असताना तीळ, कोदो, डाळी लावायला कोण धजेल?

लोकलाजही आहेच. स्वच्छ नांगरलेलं शेत हा कष्टाळूपणाचा दाखला मानला जातो. धसकटं तशीच ठेवणाऱ्याला आळशी म्हणतात. ही लाज मोडते ती शेजारचं पाहून. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा तंत्र गादीवाफे न मोडता, मुळं जमिनीत ठेवून भात घेतं, आणि त्याच वाफ्यावर पुढे कडधान्य. त्यात तणनाशक वापरतात हा माझा आक्षेप आहे. पण न नांगरताही भात येतो, हे कोकणातल्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ते पसरलं.

आता मालकांविषयी. माती सुधारायला तीन-चार वर्षं लागतात, आणि सुरुवातीला उत्पन्न घटू शकतं. कसणाऱ्याचा बोलीचा करार मात्र एका वर्षाचा. मध्य प्रदेशची 1959ची भू-राजस्व संहिता छत्तीसगडला वारशात मिळाली. तिचं कलम 168, काही अपवाद सोडले तर, सलग तीन वर्षांत एका वर्षाहून जास्त काळ जमीन पट्ट्याने द्यायला मनाई करतं. कूळ लागेल या भीतीने मालक दरवर्षी माणूस बदलतो. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे असेल की नाही, हे ठाऊक नसलेला माणूस त्यात शेणखत का ओतेल? तो युरियाच टाकणार, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून चौबे कॉलनीतल्या, नागपूर-पुण्यातल्याही, गावाकडे जमीन असलेल्या वाचकांना एक विनंती. धान विकून हिशेबाला बसाल तेव्हा कसणाऱ्याला विचारा, की खंड कमी केला तर तो उतेरा घेईल का. कुंपणाचा आणि बियाण्याचा खर्च तुम्ही उचला. पहिल्या तीन वर्षांची तूट आपल्या वाट्यातून सोसा. गुराख्याच्या धानात तुमच्याही शेताचा हिस्सा घाला. आणि कायद्यात राहून करार कसा करायचा, हे आपल्या वकिलाला आधीच विचारा, कारण अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात नव्या वर्षाची बोलणी सुरू होतात.