विकत घेतलेले वर्ग

बंगळुरूच्या 'बायजूज'चं अ‍ॅप २०१५ मध्ये आलं, तेव्हा त्यावर मुख्यतः शाळकरी मुलांना गणित-विज्ञानाचे व्हिडिओ दाखवले जात. सहा वर्षांत तिच्या छत्राखाली चिमुरड्यांच्या गोष्टी, कोडिंग, नीट-जेईईची तयारी आणि नोकरदारांचे अभ्यासक्रमही आले. यातलं बरंचसं तिने आयतंच विकत घेतलं होतं.

२०१७ मध्ये ब्रिटनच्या पिअरसनकडून ट्यूटरव्हिस्टा, २०१९ मध्ये अमेरिकेची ऑस्मो, २०२० मध्ये कोडिंग शिकवणारी मुंबईची व्हाइटहॅट ज्युनिअर. २०२१ मध्ये तर सपाटाच लावला: सुमारे ९५ कोटी डॉलरना नीट-जेईईची तयारी करून घेणारी आकाश, ६० कोटींना ग्रेट लर्निंग, ५० कोटींना अमेरिकेची एपिक.

हिशेब उघड होता. शिक्षक जमवायचे, अभ्यासक्रम बांधायचा, पालकांचा विश्वास कमवायचा, तर वर्षं जातात. १९८८ पासून चालणाऱ्या आकाशबरोबर दोनशेहून अधिक केंद्रं एकदम हाती आली. शिवाय किंमत सगळी रोखीत मोजावी लागत नाही. काही भाग स्वतःच्या शेअर्समध्ये देता येतो. कंपनीचं मूल्यांकन जितकं चढं, तितके कमी शेअर्स पुरतात. बायजूजचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरवर पोहोचलं. त्याआधी १२० कोटी डॉलरचं कर्जही काढलं होतं.

पण विकत घेतलेल्या कंपनीबरोबर तिचा खर्चही येतो. एकदा बनवलेला व्हिडिओ लाख मुलांनी पाहिला, तरी शिक्षकाचा पगार लाखपट होत नाही. व्हाइटहॅटमध्ये मात्र घरून शिकवणाऱ्या शिक्षिका एकेका मुलाचा थेट तास घेत. मुलं वाढली की तास वाढणार, मानधनही वाढणार. लॉकडाउन सरून शाळा भरू लागल्या, तशी मागणी ओसरली. २०२१-२२ मध्ये बायजूजला ८,२४५ कोटी रुपयांचा तोटा झाला. त्यातला जवळपास ४५ टक्के व्हाइटहॅट आणि ऑस्मोचा होता.

जुलै २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या प्रायोजकत्वाच्या १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२५ मध्ये एपिक साडेनऊ कोटी डॉलरना विकली गेली. सुमारे २० कोटी डॉलरना घेतलेल्या, कोडिंग शिकवणाऱ्या टिंकरचे जेमतेम २२ लाख डॉलर आले. आकाशचे वर्ग मात्र चालू राहिले. दिलेल्या कर्जाचं भांडवलात रूपांतर करून मणिपाल समूहाचे रंजन पै तिथले मोठे भागधारक झाले.