इंग्रजी बोला, नाहीतर मरा

गोंगाटाचं व्याकरण : भाग ९

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्या तीस मिनिटांत आजचा अख्खा अल्बम मावतो आणि शेवटी थोडी कोरी टेप फिरत राहते. माझ्याकडे तो असाच आला, पुण्यातल्या एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला. वेष्टणावर बॉलपेनने तीनच अक्षरं होती : एस. ओ. डी. पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं, टेप बिघडली आहे. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं. मधेच एका गाण्यात नुसती खरखर आणि त्यावर कुणाचा तरी संतापलेला आवाज. मी कॅसेट काढून पेन्सिलीने रीळ घट्ट केलं, प्लेअरचं डोकं पुसलं, परत लावलं. तेच. पुढे कळलं की त्या गाण्याचं नावच ‘व्हॉट्स दॅट नॉइज’ आहे आणि खरखर हाच त्याचा विषय आहे.

एस. ओ. डी. म्हणजे ‘स्टॉर्मट्रूपर्स ऑफ डेथ’. त्यांचा पहिला अल्बम १९८५चा, नाव ‘स्पीक इंग्लिश ऑर डाय’. गाणी एकवीस. गेल्या आठवड्यात मेटालिकाचा ‘किल ’एम ऑल’ पाहिला, तो ज्या मेगाफोर्स कंपनीने काढला तिनेच हाही काढला. पण मेटालिकाने पंक खाऊन पचवलं होतं. डिस्चार्ज, मिसफिट्स ही मंडळी त्यांच्या वेगात मुरली होती, वर दिसत नव्हती. इथे तसं नाही. इथे थ्रॅश मेटल आणि हार्डकोर पंक एका ताटात शेजारी शेजारी वाढलेले दिसतात.

झालं ते असं. १९८५च्या उन्हाळ्यात अँथ्रॅक्स हा न्यूयॉर्कचा बँड इथाका गावातल्या पिरॅमिड साउंड स्टुडिओत आपला ‘स्प्रेडिंग द डिसीज’ ध्वनिमुद्रित करत होता. गिटारवादक स्कॉट इयनचं काम उरकलं, बाकीच्यांचं चालूच होतं. रिकाम्या वेळात तो कागदावर एक पात्र रेखाटत बसायचा : कवटीचा चेहरा असलेला सैनिक, सार्जंट डी. सगळ्या जगाचा द्वेष करणारा. मग त्या सार्जंटच्या तोंडी घालायला गाणी आली. ड्रमला अँथ्रॅक्सचाच चार्ली बेनांते. बासला डॅन लिल्कर, म्हणजे ज्याच्यासोबत इयनने अँथ्रॅक्स उभा केला आणि ज्याची पहिल्या अल्बमनंतर त्याच बँडमधून उचलबांगडी झाली, तोच. काढून टाकलेल्या माणसाला पुन्हा हाक मारणं बँडवाल्यांत नवं नाही. गायला बिली मिलानो. हा मेटलमधला नव्हे. न्यूयॉर्कच्या ‘सायकोज’ नावाच्या हार्डकोर बँडमध्ये तो बास वाजवायचा. अंगापिंडाने दांडगा, आवाजाने त्याहून. चौघांनी तीन दिवसांत अल्बम उरकला.

तीन दिवसांत उरकला म्हणून तो उडाणटप्पू वाटतो, पण वाजवणारे हात कसलेले होते. हार्डकोरमध्ये तोवर हे क्वचितच घडत असे.

तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये या दोन जमातींचं फारसं जमत नसे. बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी क्लबात रविवारी दुपारी हार्डकोरचे कार्यक्रम व्हायचे. दुपारी, कारण शाळकरी पोरांनाही येता यावं. डोकी भादरलेली, पायात जड बूट. अशा ठिकाणी लांब केसांचा मेटलवाला शिरला तर त्याच्याकडे माना वळायच्या, आणि कधी कधी नुसत्या मानांवर भागायचं नाही. पंकवाल्यांना मेटल म्हणजे तलवारी, सैतान आणि दहा मिनिटांच्या गिटारकसरती असा पोकळ थाट वाटे. मेटलवाल्यांचं म्हणणं, यांना वाजवता येत नाही म्हणून हे ओरडतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य होतं. इयन मात्र त्या रविवारच्या कार्यक्रमांना नियमाने जाणाऱ्यांपैकी. अल्बमवर ‘युनायटेड फोर्सेस’ नावाचं एक गाणं आहे, ते या दोन टोळ्यांनी एकत्र यावं एवढंच सांगतं. मिलानोच्या तोंडून ते ऐकताना समेटाची बोलणी कमी आणि दमदाटी जास्त वाटते.

आता हातांकडे पाहू. हार्डकोरचा गिटारवाला हात मोकळा सोडून सगळा कॉर्ड ओरबाडतो, त्यामुळे आवाज पसरट, झांजेसारखा येतो. थ्रॅशवाला उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवतो आणि तशाच दाबलेल्या तारा छेडतो. तार पूर्ण कंप पावत नाही, निघतो तो कोरडा, आखूड आवाज. जात्यात खडा सापडावा तसा. कड किंचित जास्त दाबली तर आवाज मरतो, कमी दाबली तर पसरतो. इयन हे सलग, वरून खाली एकाच दिशेच्या आघातांनी करतो, आणि त्याच्या मनगटाची ही चाकरी हीच या अल्बमची खरी मिळकत आहे. गाण्याची लांबी, ठेका आणि शिरा ताणून ओरडणं हार्डकोरचं, उजवा हात मेटलचा.

दुसरी गोष्ट लयीची. भरधाव चाललेलं गाणं अचानक निम्म्या लयीवर येतं. आपल्याकडे ठायीतून दुगुनीत जाण्याची सवय आहे, इथे उलटं, दुगुनीतून ठायीत कोसळायचं. रिफ, म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा, तोच राहतो, पण त्याचं वजन दुप्पट वाटतं. समोरच्या गर्दीला कळतं की आता एकमेकांवर आदळायचं. या जागेला म्हणतात मॉशचा भाग, आणि एका गाण्याचं तर नावच ‘मिलानो मॉश’ आहे. पुढची चाळीस वर्षं हार्डकोरचे बँड याच एका युक्तीवर संसार चालवत आले आहेत. तक्रार नाही, युक्ती चालते.

तिसरी गोष्ट ‘मिल्क’ या गाण्यातली. विषय असा की सकाळी उठलो, खायला बसलो आणि घरात दूधच नाही. एवढ्यावरून जो आकांत केला आहे तो ऐकण्यासारखा आहे. पण कान ड्रमकडे द्या. एका ठिकाणी बेनांते स्नेअर आणि बास ड्रम इतक्या झपाट्याने वाजवतो की ठोके सुटे ऐकू येत नाहीत, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा एकच नाद येतो. याला पुढे ब्लास्ट बीट हे नाव पडलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांत ‘मिल्क’ हटकून सांगितलं जातं. ग्राइंडकोर नावाच्या अख्ख्या प्रकाराच्या पायाच्या दगडांपैकी एकावर दुधाची तक्रार कोरलेली आहे.

विनोद जिथे नुसता आचरटपणा आहे तिथे तो अजून टिकून आहे. चालढकल करू नका असं सांगणारं गाणं काही सेकंदांत संपतं, म्हणजे स्वतःच चालढकल करत नाही. ‘बॅलड ऑफ जिमी हेंड्रिक्स’मध्ये हेंड्रिक्सच्या एका प्रसिद्ध गाण्याची सुरुवात वाजते, तो मेला आहे एवढं सांगितलं जातं आणि गाणं खलास.

पण अल्बमचं नाव ‘मिल्क’ नाही. नावाचं गाणं परदेशातून आलेल्या, इंग्रजी न बोलणाऱ्या लोकांवर गुरगुरतं. बाकी गाण्यांत बायका, अरब, जो सापडेल तो. हे सगळं सार्जंट डीचं बोलणं, आमचं नव्हे, ते व्यंग होतं, असं इयनने पुढे वारंवार सांगितलं आहे. त्याच्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. तो न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला, ज्यू घरातला मुलगा. क्वीन्समध्ये एका रस्त्यावर दहा भाषा कानावर पडतात. अशा मुलाने हिटलरच्या तपकिरी गणवेशवाल्यांची आठवण देणारं नाव बँडला ठेवलं, ते चिडवायलाच.

अडचण वेगळी आहे. भारुडात सोंग घेणारा वेडीचं सोंग घेवो, नाहीतर आंधळ्याचं. शेवटी ते सोंग उतरतं आणि आत काय होतं ते ऐकणाऱ्याच्या पदरात पडतं. तमाशातला सोंगाड्या पाटलाची नक्कल करतो तेव्हा हसू पाटलाचं होतं. एस. ओ. डी.च्या सार्जंटचं सोंग एकवीस गाण्यांत एकदाही उतरत नाही, आणि हसू होतं ते ज्यांना तो शिव्या घालतो त्यांचं. ज्याला सार्जंट मनापासून पटतो त्याला हा अल्बम कुठेही अडवत नाही.

आणि सार्जंट पटणारे तेव्हा कमी नव्हते. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘यू. एस. इंग्लिश’ नावाची संघटना निघाली, इंग्रजीला अधिकृत भाषा करा ही मागणी घेऊन. तिच्या संस्थापकांपैकी एक माजी सेनेटर एस. आय. हायाकावा, जन्म कॅनडातला, आईवडील जपानी. १९८६च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी इंग्रजीला राज्याची अधिकृत भाषा केलं. सार्जंट डीची आरोळी या दोन तारखांच्या मधली आहे. चार पोरं स्टुडिओत थट्टा करत होती तेव्हा तेच म्हणणं, सभ्य भाषेत, मतपत्रिकेच्या वाटेवर होतं. ‘अमुक भाषा बोला, नाहीतर’ हे वाक्य कुठल्याही भाषेत म्हणता येतं, हे मुंबईकराला मी वेगळं सांगत नाही.

म्हणून माझा निकाल दोन तुकड्यांत : वाजवणं पहिल्या प्रतीचं, लिहिणं शाळेच्या मुतारीतल्या भिंतीवरचं. व्यंग म्हणून ते फसलं आहे, आणि काळ तसा होता ही सबब मला पुरत नाही, कारण त्याच काळात त्याच गल्ल्यांत दुसरं काही लिहिलं जात होतं. १९८६ मध्ये क्रो-मॅग्स या बँडचा ‘द एज ऑफ क्वारल’ आला. त्या बँडमधले काही जण कृष्णभक्तीच्या नादी लागलेले, आणि अल्बमचं नाव म्हणजे आपल्या कलियुगाचा इंग्रजी तर्जुमा. कव्हरवर अणुस्फोट. तिथेही हार्डकोर आणि मेटल एकत्र नांदतात, पण राग वरच्या दिशेने जातो.

अल्बम आटोपून इयन आणि बेनांते अँथ्रॅक्सकडे परतले, लिल्कर आपल्या ‘न्यूक्लियर असॉल्ट’कडे. मिलानोने एम. ओ. डी. काढला. चौघांचा पुढचा स्टुडिओ अल्बम यायला १९९९ उजाडलं, आणि तो नाही ऐकलात तरी चालेल. दरम्यान डी. आर. आय. या बँडने १९८७ मध्ये आपल्या अल्बमला ‘क्रॉसओव्हर’ नाव दिलं आणि या मिश्रणाला तेच नाव चिकटलं.

ऐकायचा झाला तर क्रमाने ऐकू नका. आधी शब्द नसलेला ‘मार्च ऑफ द एस. ओ. डी.’, मग ‘मिल्क’, मग ‘युनायटेड फोर्सेस’. इयनचा उजवा हात पाठ झाला की उरलेला लावा, आणि सार्जंटशी भांडत ऐका. पुढच्या रविवारी बर्मिंगहॅमला जाऊ, नेपाम डेथ या बँडच्या ‘स्कम’कडे. त्यातलं ‘यू सफर’ हे गाणं दीड सेकंदाच्या आत संपतं, तेव्हा वेळेवर या.