ताप उतरला, तरी मैदानावर घाई नको

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. हिंगोलीजवळच्या एका वस्तीतला एकवीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. तीन दिवस ताप, अंगदुखी, खोकला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी पहाटे तो सोळाशे मीटर पळायला गेला. दुसऱ्या फेरीत छातीत धडधड वाढली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तो मटकन खाली बसला. सोबतच्या पोरांनी तोंडावर पाणी मारलं आणि "ऊठ, काही होत नाही" म्हणून पुन्हा पळायला लावलं. आईनं आम्हाला बोलावलं तेव्हा तो बाजेवर पडून होता. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद करायला सांगितलं. आज तो बरा आहे. पण त्या दिवशी त्याची माय म्हणाली, "ताई, ताप तर उतरला होता की!"

हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान त्यासाठीच. आणि उदाहरण घेतलं आहे फुटबॉलचं. आपल्या जिल्ह्यात कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेटच जास्त. पण नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आपल्या बहुतेक वस्त्यांत पाहिला गेला आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना विजय बारसे सरांनी फुटबॉल कसा दिला, हे त्यामुळं सगळ्यांना ठाऊक झालं. त्याच फुटबॉलमध्ये कोरोनाच्या काळात जे घडलं, ते आपल्या तब्येतीसाठी समजून घेण्यासारखं आहे.

वरच्यांचा शेवट झाला, खालच्यांचा राहिला

भारतात फुटबॉलच्या पायऱ्या आहेत. २०२० साली सगळ्यात वर इंडियन सुपर लीग होती, तिच्याखाली आय-लीग आणि त्याखाली आय-लीगचा दुसरा विभाग. या दुसऱ्या विभागात खेळणारी पोरं बहुतेक साध्या घरची. एक हंगाम चांगला गेला तर संघ वरच्या पायरीवर जातो, करार मिळतो, घराला हातभार लागतो.

२०२०च्या सुरुवातीला या दुसऱ्या विभागाचे सामने रंगात आले होते. मार्चमध्ये कोरोना आला. १४ मार्च २०२० रोजी गोव्यात फातोर्डा इथं सुपर लीगचा अंतिम सामना प्रेक्षकांविना का होईना, पण झाला. एटीके संघानं चेन्नईयिनला ३-१ असं हरवलं, करंडक उचलला. त्याच दिवशी फुटबॉल महासंघानं बाकीचे सामने थांबवल्याचं जाहीर केलं. आय-लीगमध्ये मोहन बागान एवढा पुढं होता, की एप्रिलमध्ये त्याला विजेता ठरवता आलं. दुसऱ्या विभागाचा हंगाम मात्र अर्धवटच राहिला. कोण वर जाणार, याचा निकालच लागला नाही.

साथ सगळ्यांना सारखी असते, असं म्हणतात. आम्ही वॉर्डातही पाहिलं आणि वस्तीतही पाहिलं, की साथ सारखी असली तरी थांबण्याची किंमत सारखी नसते. ज्याच्याकडं शिल्लक आहे तो थांबू शकतो. ज्याचं पोट आजच्या कामावर आहे, त्याचा अख्खा हंगाम जातो.

पुढं ऑक्टोबर २०२० मध्ये पश्चिम बंगालमध्ये कोलकाता आणि कल्याणी इथं पाच संघांची छोटी पात्रता स्पर्धा घेतली. कोलकात्याचे मोहमेडन स्पोर्टिंग आणि भवानीपूर, दिल्लीचा गढवाल, अहमदाबादचा एआरए आणि बेंगळुरू युनायटेड. खेळाडूंना आधी विलगीकरणात ठेवलं, तपासण्या केल्या, बाहेरच्या माणसांशी संपर्क बंद केला आणि मगच मैदानात उतरवलं. मोहमेडन वर गेला.

मुंबईचा केंकरे आणि अडकलेलं नवं वर्ष

आपल्या महाराष्ट्राचंही एक उदाहरण आहे. २०२१च्या पात्रता स्पर्धेतून राजस्थान युनायटेड वर गेला आणि नंतर मुंबईच्या केंकरे संघालाही आय-लीगमध्ये जागा मिळाली. २६ डिसेंबर २०२१ रोजी लीग सुरू झाली. सगळे संघ कोलकात्यात हॉटेलांमध्ये एकत्र, बाहेर जायला बंदी. तरीही तीन दिवसांतच खेळाडू पॉझिटिव्ह निघू लागले. ते ओमायक्रॉनचे दिवस होते. २९ डिसेंबरला सामने थांबवले, जानेवारीत थांबणं आणखी वाढवलं. लीग पुन्हा सुरू झाली ती ३ मार्च २०२२ रोजी. दोन महिन्यांहून जास्त खंड पडला.

इथं दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, एवढा बंदोबस्त असूनही आजार आत आला. म्हणजे आजार झाला यात कुणाचा गुन्हा नाही. आपल्याकडं २०२०च्या एप्रिलमध्ये मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून परतलेल्या हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या जवानांना लागण झाली, तेव्हा लोक त्यांच्या घरच्यांकडं कसं बघत होते, ते आठवा. दुसरी गोष्ट, खंड पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजवून सामना सुरू केला नाही. थांबले, तपासलं, आणि मगच खेळ सुरू केला.

फुटबॉलच्या नियमांतही बदल झाला. पूर्वी सामन्यात तीन बदली खेळाडू घेता येत. मे २०२० मध्ये पाच घेण्याची मुभा दिली, कारण खंडानंतर थोड्या दिवसांत जास्त सामने खेळायचे होते आणि खेळाडूंच्या शरीरावर ताण येणार होता. पुढं तो नियम कायम झाला.

शरीराच्या आत काय होतं?

ताप हा आजाराचा दिसणारा भाग. तो गोळीनंही उतरतो. पण विषाणूशी चाललेलं शरीराचं काम त्यानंतरही काही दिवस चालूच असतं. काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. हे फक्त कोरोनात होतं असं नाही. फ्लूसारख्या दुसऱ्या विषाणूंनीही होऊ शकतं. बहुतेकांना होत नाही. पण ज्याला झालं आहे, त्यानं जोरात पळणं किंवा जड ओझं उचलणं धोक्याचं. हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस कोसळू शकतो. आणि हे तरण्याताठ्या पोरांतही होतं.

शिवाय नुसतं पडून राहिलं तरी दोन-चार आठवड्यांत दम कमी होतो, मांड्या-पिंढऱ्या ढिल्या पडतात. त्यात एकदम पूर्वीसारखं पळायला गेलं, की स्नायू ताणतो, गुडघा जातो. एका दुखापतीत भरतीचं वर्ष जातं.

२०२० साली कोरोनातून उठलेल्या खेळाडूंसाठी डॉक्टरांनी जे मार्गदर्शन केलं, त्यात किमान दहा दिवस विश्रांती, त्यातले शेवटचे सात दिवस कसलंही लक्षण नाही, आणि त्यानंतर किमान सात दिवस पायरी-पायरीनं सराव, असं सांगितलं होतं. साध्या तापाला एवढे दिवस लागतीलच असं नाही. पण पायऱ्या त्याच.

परत उठायच्या पायऱ्या

पहिली : ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा जुलाब असेपर्यंत पळणं नाही, खेळणं नाही, ओझं नाही. पाणी, पेज, वरण, ताक भरपूर.

दुसरी : गोळी न घेता ताप आला नाही, असे दोन-तीन दिवस जाऊ द्या. या दिवसांत घरातल्या घरात हिंडाफिरायचं. जिना चढताना दम लागतो का, ते बघायचं.

तिसरी : दोन दिवस पंधरा ते तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चालायचं. चालताना दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत.

चौथी : दोन-तीन दिवस थोडं हळू पळणं, थोडं चालणं. घड्याळ लावायचं नाही.

पाचवी : पूर्वीच्या निम्मा सराव. त्रास नाही, झोप नीट, भूक नीट, तर पुढं पूर्ण सराव. सोळाशे मीटर असो, मुलींचं आठशे असो की राखीव दलाचं पाच किलोमीटर, वेळ लावून पळायचं ते यानंतरच.

कोणत्याही पायरीवर त्रास झाला तर थांबा, आणि बरं वाटल्यावर एक पायरी खाली येऊन सुरुवात करा.

छातीत दुखणं, धडधड, चक्कर, पळताना शुद्ध हरपणं, थोड्या कामात दम लागणं, पायावर सूज, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय नकोत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जा, ईसीजी काढायला सांगा. माणूस कोसळला तर १०८ ला फोन करा. ज्याला ऑक्सिजन लागला होता किंवा रुग्णालयात राहावं लागलं होतं, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव सुरू करू नये.

आपल्या घरात बदली खेळाडू कोण?

हे वाचून एखादी माय म्हणेल, "ताई, आमचा पोरगा भरतीला नाही, मोंढ्यात हळदीची पोती उचलतो. तो दहा दिवस घरी बसला तर चूल कशी पेटायची?" प्रश्न खरा आहे. फुटबॉलवाल्यांना पाच बदली मिळाले, आपल्या हमालाला एकही मिळत नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात तर आजारी माणसाच्या नावावर उचल असते.

म्हणून आम्ही वस्तीत एवढंच सांगतो, की पूर्ण सुट्टी नाही मिळाली तरी पायरी सोडू नका. टोळीच्या मुकादमाशी बोला. आठवडाभर पोती उचलण्याऐवजी शिवणं, मोजणं, झाडणं असं हलकं काम मागा. एका वस्तीत बचत गटाच्या बायांनी आजारी घराला आठ दिवसांचं धान्य उसनं देण्याची रीत पाडली आहे. पैसा फार लागत नाही, ठरवावं लागतं. गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही विनंती आहे : सामन्याआधी प्रत्येक खेळाडूला विचारा, "गेल्या पंधरा दिवसांत ताप आला होता का?" हो म्हणाला तर त्याला बाहेर बसवा आणि त्याची जागा पुढच्या सामन्यासाठी राखून ठेवा. जागा जाईल या भीतीनंच पोरं ताप लपवतात.

२०२०च्या पात्रतेतून वर आलेला मोहमेडन २०२२च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०२४ मध्ये ती लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला. अर्धवट राहिलेल्या हंगामातून उठलेला संघ चार वर्षांत सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला. थांबल्यामुळं तो संपला नाही.

सुरुवातीला सांगितलेला मुलगा आता पुन्हा पहाटे मैदानावर जातो. पहिला आठवडा तो नुसता चालला. सोबतची पोरं हसली. त्याची माय रोज मैदानाच्या कडेला उभी राहायची आणि हसणाऱ्यांना सांगायची, "हसा बाबांनो, पण तुम्हाला ताप आला तर माझ्याकडं या. पायऱ्या मी सांगते."