बीटा म्हणजे बेटा नव्हे

भाचीचा मेसेज आला, रोमन लिपीत: "मावशी, माझी बीटा होशील का?" मी तो सरळ 'बेटा' असा वाचला आणि उत्तर धाडलं, "बेटा तू, मी कशी होणार?" पलीकडून हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग आली. मग फोन आला आणि अर्धा तास माझी शिकवणी झाली. पुढचे काही महिने ती शिकवणी चालूच राहिली. त्यात माझे जे गैरसमज गळून पडले, ते आणखी बऱ्याच जणांचे असतील असा माझा अंदाज आहे.

आधी बीटाचं बघू. हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांकडून आलाय. नवा प्रोग्राम बाजारात आणण्याआधी बाहेरच्या काही जणांना वापरून बघायला देतात, ती 'बीटा' आवृत्ती. तसं कथा लोकांसमोर ठेवण्याआधी जो वाचतो तो बीटा रीडर. 'वा, छान' म्हणणारी मैत्रीण म्हणजे बीटा नव्हे. शुद्धलेखन, निसटलेले धागे, 'हे पात्र असं बोलेल का?' ही शंका, हे सगळं बीटाने बघायचं असतं. पैसे मिळत नाहीत. कथेच्या डोक्यावर आभाराची एक ओळ मिळते.

आणि फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली, मालिकेतली किंवा सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्याने हौसेखातर लिहिलेली नवी कथा. या मंडळींची बोली बाहेरच्याला सांकेतिक वाटते, काहीतरी लपवण्यासाठी केलेली. माझं मत उलट झालंय. यातले बहुतेक शब्द म्हणजे फराळाच्या डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी आहे. आत चकली आहे की तिखट शेव, ते झाकण उघडायच्या आधी कळावं म्हणून.

"हे सगळं इंटरनेटनंतरचं खूळ आहे"

अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका सप्टेंबर 1966 मध्ये सुरू झाली आणि 1967 मध्ये तिच्या चाहत्यांचं 'स्पॉकनेलिया' हे हौशी नियतकालिक निघालं. अशा अंकांना झीन म्हणत. घरी टंकलिखित करायचे, सायक्लोस्टाइलवर काढायचे आणि टपालाने पाठवायचे. आजच्या बोलीतले कितीतरी शब्द त्या शाईच्या वासातून आलेत.

त्याहून जुना शब्द 'कॅनन'. तोफ नव्हे, तिच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'एन' जास्त असतो. कॅमेऱ्याची कंपनीही नव्हे. बायबलमधली कोणती पुस्तकं अधिकृत, त्या यादीला कॅनन म्हणतात. पुढे कॅथलिक धर्मगुरू झालेल्या रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये एक मिश्कील निबंध लिहिला. बायबलचे अभ्यासक ज्या गांभीर्याने पोथ्या चाळतात, त्याच गांभीर्याने त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथा चाळल्या. तिथून होम्सभक्तांमध्ये हा शब्द रुजला: कोनन डॉयलच्या 4 कादंबऱ्या आणि 56 कथा म्हणजे कॅनन, बाकी सगळं नंतरचं. कॅनन म्हणजे निर्दोष, असं मात्र नाही. वॉटसनला युद्धात लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे आणि दुसरीत पायात. अशा फटींतूनच चाहत्यांच्या कथांचं बी आत शिरतं.

'फॅनन' ही पुढची पायरी. मुळात नसलेली, पण सगळ्यांनी इतक्या वेळा लिहिलेली गोष्ट, की ती मुळातलीच वाटू लागते. होम्सची ती दोन्हीकडून छज्जा असलेली 'डिअरस्टॉकर' टोपी डोळ्यांसमोर आणा. डॉयलने तो शब्द कधी लिहिलाच नाही. टोपी चढवली ती चित्रकार सिडनी पॅजेटने. फॅनन असंच साचत जातं. आणि 'हेडकॅनन' म्हणजे एकट्या वाचकाची स्वतःपुरती समजूत. तिच्यावर वाद घालणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वप्नातल्या चुका काढणं.

"शिप म्हणजे नटनट्यांचं लग्न लावणं"

या शब्दाचा जहाजाशी संबंध नाही. 'रिलेशनशिप' या शब्दाची ही शेपटी आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या 'एक्स-फाइल्स' मालिकेत मल्डर आणि स्कली हे दोन तपास अधिकारी. त्यांचं प्रेम जमावं असं वाटणारे स्वतःला 'रिलेशनशिपर' म्हणवू लागले आणि झिजत झिजत शब्द 'शिपर' झाला. विरोधी गट 'नोरोमो' म्हणवून घेई, कारण त्यांना मालिकेत रोमान्सच नको होता. आता नाम, क्रियापद सगळं झालंय. भाची 'मी त्यांना शिप करते' असं बिनदिक्कत मराठीत म्हणते. 'ओटीपी' हा त्यातला सर्वोच्च मान, आपली एकमेव खरी जोडी. बँकेच्या ओटीपीशी गल्लत नको. हा कुणालाही सांगितलेला चालतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर 'सीआयडी' घ्या. मुंबईतली मालिका, 1998 पासून सोनीवर, एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम. तुम्ही-आम्ही जेवताना ती बघितली आणि विसरलो. काही मुलींनी मात्र तिच्यावर हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत ढिगाने कथा लिहिल्या. दया आणि श्रेया यांची 'दरेया', अभिजीत आणि तारिका यांची 'अभिरिका'. अशी दोन नावं मळून केलेलं एक नाव म्हणजे शिपचं नाव.

लग्नाच्या गैरसमजाचं उत्तर याच नावांत आहे. दरेया ही पात्रांची जोडी आहे, ती भूमिका करणाऱ्या माणसांची नव्हे. खऱ्या माणसांवरच्या कथांना 'आरपीएफ' म्हणतात आणि त्यांची गल्ली वेगळी असते. अनेक चाहते त्या गल्लीत पाऊल टाकत नाहीत. मीही टाकत नाही. जिवंत माणसाच्या संसाराची कल्पना लिहून चारचौघांत ठेवणं मला अवघड वाटतं. पण हा प्रकारही आजचा नाही. ब्राँटे भावंडांनी बालपणी रचलेल्या काल्पनिक राज्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि त्याची मुलं वावरत होती.

"स्लॅश म्हणजे चाकूसुऱ्या"

स्लॅश म्हणजे टंकलेखन यंत्रावरची ती तिरकी रेघ. 'स्टार ट्रेक'च्या झीनमध्ये कर्क आणि स्पॉक यांच्या मैत्रीच्या कथा असत. काहींनी त्यांना प्रेमिक म्हणून लिहायला घेतलं. 1974 मध्ये अशी पहिली कथा छापली गेली, तीही पात्रांची नावं न घेता. अशा कथांची खूण म्हणून 'के' आणि 'एस' यांच्यामध्ये तिरकी रेघ घालू लागले. पुढे दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या कोणत्याही कथेला स्लॅश म्हणू लागले आणि दोन स्त्रियांमधल्या प्रेमाच्या कथेला फेमस्लॅश.

नवख्याने एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ गोंधळ टळेल: दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमकथा, आणि 'अँड'चं चिन्ह असेल तर मैत्री किंवा नातं. अभिजीत आणि दया यांच्यावरच्या बहुसंख्य कथा दुसऱ्या जातीच्या. चाहते या दोघांना नुसतं 'ड्युओ' म्हणतात. एकाला गोळी लागते, दुसरा ऑपरेशन थिएटरबाहेर रात्र काढतो, पहाटे डॉक्टर बाहेर येतात. या प्रकाराला 'हर्ट-कम्फर्ट' म्हणतात: आधी जखम, मग शुश्रूषा. नुसतीच जखम असेल तर 'व्हम्प', नुसतीच शुश्रूषा आणि गरम चहा असेल तर 'फ्लफ'.

फॅन फिक्शन म्हणजे सगळा चावटपणा, या समजाची पंचाईत इथे होते. जिच्यात प्रेमप्रकरण केंद्रस्थानी नाही अशा कथेला 'जेन' म्हणतात आणि तशा कथा मुबलक आहेत. चावट कथाही आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनाही चिठ्ठी असते. पूर्वी 'लेमन' लिहीत, 1984 च्या 'क्रीम लेमन' या प्रौढांसाठीच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवरून. त्याहून सौम्य ते 'लाइम'. लिंबू-सरबताची कृती असेल म्हणून कुणी उघडायला जाऊ नये.

"इशारा नाही, म्हणजे धोका नाही"

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबते.

चाहत्यांनीच उभारलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे मोठं ग्रंथालय 2009 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. नाव व्हर्जिनिया वूल्फच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'वरून घेतलंय. 2019 मध्ये त्याला विज्ञानकथेच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. त्यावर तिथे लिहिणाऱ्या अनेकांनी गमतीने स्वतःला ह्यूगोविजेते म्हणवून घेतलं आणि पुरस्कारवाल्यांना, पुरस्कार ग्रंथालयाला आहे, एकेका लेखकाला नाही, असा खुलासा करावा लागला.

तिथे प्रत्येक कथेला वयोगटाची श्रेणी असते. शिवाय चार गोष्टींचे ठरलेले इशारे असतात: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. याखेरीज दोन वाक्यं दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो. एक म्हणतं, 'यातला कोणताही इशारा लागू नाही.' दुसरं म्हणतं, 'लेखकाने इशारे न वापरण्याचं ठरवलं आहे.' ओझरती वाचली तर दोन्ही सारखीच वाटतात. पहिल्याचा अर्थ, या चारांपैकी काही नाही. दुसऱ्याचा अर्थ, काहीही असू शकेल. रहस्य फुटू नये म्हणून किंवा मर्जी म्हणून सांगत नाही. पहिलं वाक्य म्हणजे 'शेंगदाणे नाहीत', दुसरं म्हणजे 'काय घातलंय ते विचारू नका'. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याने दुसरा डबा उघडू नये. 'श्रेणी दिलेली नाही' याचाही अर्थ 'लहान मुलांना चालेल' असा होत नाही.

'डेड डव्ह, डू नॉट ईट' अशी विचित्र खूणही दिसते. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' या विनोदी मालिकेत फ्रिजमधल्या पिशवीवर हेच लिहिलेलं असतं. पात्र ती उघडतं आणि आत खरंच मेलेलं कबूतर. म्हणजे: चिठ्ठीवर लिहिलंय तेच आत आहे, उघडून मग तक्रार करू नका.

"मेरी सू म्हणजे कर्तबगार नायिका"

ही शिवी आता सिनेमाच्या परीक्षणांतही सर्रास सापडते. तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 1973 मध्ये पॉला स्मिथ यांनी एका झीनमध्ये एक छोटंसं विडंबन लिहिलं. नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कॅप्टन तिच्या प्रेमात, बाकीचेही भारावलेले, अवकाशयान ती एकटी वाचवते आणि शेवटी सुंदरशी मरते, सगळे रडतात. थट्टेचा रोख नवशिक्यांच्या एका सवयीवर होता: लेखिका स्वतःच गोष्टीत घुसते आणि मूळ पात्रं टाळ्या वाजवायला उरतात.

म्हणजे मेरी सूचा दोष हुशारी हा नाही, तिच्याभोवती बाकीच्या जगाने गुडघे टेकणं हा आहे. एखादी नायिका तलवार नीट चालवते एवढ्यावरून तिला मेरी सू म्हणणं चूक. पुरुषांसाठी 'गॅरी स्टू' आहे, पण तो क्वचित ऐकू येतो. विमान चालवणारा, सहा भाषा बोलणारा, कधीच नेम न चुकणारा नायक आपण खिशात मावणाऱ्या रहस्यकथांत वर्षानुवर्षं वाचला. त्याच्यासाठी शिवी शोधायला कुणाला फुरसत झाली नाही.

काही किरकोळ

'ओएस' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, वन शॉट, एका बैठकीत संपणारी कथा. हिंदी मालिकांच्या चाहत्यांत 'एसएस' म्हणजे मोजक्या भागांची आणि 'एफएफ' म्हणजे लांबलचक चालणारी. 'एयू' म्हणजे पात्रं तीच, जग वेगळं. एसीपी प्रद्युम्न चहाची टपरी चालवताहेत, असं.

कथेच्या वर 'ही पात्रं माझी नाहीत' असं लिहिलं की कायदा निष्प्रभ होतो, ही समजूत भाबडी. त्या ओळीत नम्रता आहे, कायदेशीर कवच नाही. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. 1930 मध्ये वारलेल्या डॉयलचा होम्स आपल्याकडे केव्हाच मोकळा झाला, 'सीआयडी' नाही. काही जण नावं बदलून आपली कथा पुस्तक म्हणून विकतात. त्याला जे इंग्रजीत म्हणतात त्याचा अर्थ, चोरीच्या मालावरचा नंबर घासून काढणं. 2011 चं 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' मुळात 'ट्वायलाइट'वरची फॅन फिक्शन होतं.

'हे तर आपण महाभारतापासून करतोय' हे वाक्य मला हमखास ऐकवलं जातं. कर्णावरची 'मृत्युंजय' कादंबरी 1967 ची, 'स्पॉकनेलिया'च्याच वर्षीची, त्यामुळे मोह होतो खरा. पण कर्णाच्या कथेला असा एक मालक नाही, ज्याच्या शब्दाला कॅनन म्हणावं. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास गाणारी बाई वाल्मीकींची चाहती म्हणून गात नव्हती. सीता तिचीच होती.

राहता राहिला 'ड्रॅबल'. कोणत्याही छोट्या कथेला ड्रॅबल म्हणतात, पण हा शब्द काटेकोर आहे: मोजून 100 शब्द. 99 नाही, 101 नाही. 1980 च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळाने हा खेळ रूढ केला. शब्द मॉन्टी पायथनच्या एका विनोदी पुस्तकातून उचलला. मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा सैल आहे, हे मला बीटागिरी करताना कळलं. 'घरासमोरच्यांनाही' एवढ्यात इंग्रजीचे सहा-सात शब्द खर्च होतात, आपला एकच.

भाचीने मराठीत लिहिलेला ड्रॅबल मोजला तर 103 भरला. ड्युओची कथा, हॉस्पिटलचा जिना, दोघांपैकी एक शुद्धीवर नाही. तिला एकही वाक्य सोडवेना. मी 'दाराच्या समोर'चं 'दारासमोर' केलं, 'जिन्याच्या वर'चं 'जिन्यावर', 'त्याच्या शिवाय' एकत्र जोडलं, जे मुळात जोडूनच लिहायचं असतं. 100 झाले. तिने कथेच्या वर लिहिलं, 'बीटा: मावशी. उरलेल्या चुका माझ्या.' मग सगळ्या खुणा लावल्या: जेन, हर्ट-कम्फर्ट, दोन नावांमध्ये 'अँड'. इशाऱ्यांच्या रकान्यापाशी येऊन ती थबकली. "शेवटी तो जगतो की नाही, हे मी कथेत सांगितलंच नाहीये. मग यातलं कोणतं वाक्य टाकू?"

"न वापरण्याचं ठरवलं आहे," मी म्हटलं.